उंबऱ्यातले खिळे

चतुराबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्यासाठी दोन गोष्टी आधीच तयार होत्या. एक गळ्यात घालायची आणि एक ओलांडायची.

गळ्यात घालायचा होता तो चांदीचा टाक. बोटाच्या पेराएवढा, त्यावर हात जोडून उभ्या असलेल्या बाईचा ठसा. ही बाई म्हणजे साधना, ग्यानोबाची पहिली बायको. पहिल्याच बाळंतपणात गेली, पोरगी तेवढी मागे ठेवून. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक गळ्यात बांधायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, ताटातला पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा, म्हणजे ती कोपत नाही अशी रीत. ओलांडायचा होता तो उंबरा. त्यात तीन लोखंडी खिळे माथ्यापर्यंत ठोकलेले. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते, लेकराच्या ओढीनं परत येते आणि आली की कुणाला तरी सोबत घेऊन जाते. म्हणून मयत बाहेर पडलं की उंबऱ्यात खिळे ठोकायचे आणि मसणवाटेपर्यंत राळ्याचे दाणे टाकत जायचं. दाणे वेचता वेचता तिला उजाडतं, उजाडलं की परत जावं लागतं, असं म्हणतात.

म्हणजे एकाच बाईला गळ्यात बांधून जवळ ठेवायचं आणि खिळे ठोकून लांबही ठेवायचं. यात गावाला काही वावगं वाटलं नाही. मेलेल्या बाईला गाव फार भितं. जिवंतपणी ती दिवसभर ओरडली तरी कुणी भीत नाही.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरचं हे गाव. पाण्याला तोटा नाही, हळद मातीतून सोन्यासारखी निघते, आणि माघ-फाल्गुनात तर माणसांचे हात, दारं, कुत्र्यांच्या पाठी, सगळं पिवळं होऊन जातं. चतुराबाई आली तेव्हा पोर रांगतही नव्हती. वरच्या दुधावर जगलेलं किडमिडं लेकरू, नाव मात्र ऐश्वर्या. चतुराबाईनं तिला मांडीवर घेतलं ते परत खाली ठेवलंच नाही म्हणा ना. पुढं तिची स्वतःची कूस काही उजवली नाही. पण त्यामुळं एकीचंच सगळं करता आलं, असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

फक्त एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही.

आल्यावर थोड्याच दिवसांत, पहाटे अंगण झाडायला दार उघडलं तर उंबऱ्याबाहेरच्या दगडी पायरीवर दोन ओले ठिपके. शेजारी शेजारी. त्यांना मुंग्या लागलेल्या. मांजरानं काही सांडलं म्हणावं तर घरात मांजर नव्हतं. तिनं बोट लावून वास घेतला. दूध होतं. आदल्या रात्री पोर फार रडली होती आणि चतुराबाई तिला खांद्यावर घेऊन फिरत होती. आतून पोर रडत होती, आणि दाराबाहेर कुणाला तरी पान्हा फुटला होता. हे लक्षात आलं तशी चतुराबाई पाणी आणायला आत गेली. तिनं तांब्याभर पाणी ओतून पायरी धुतली, मुंग्या झाडून टाकल्या आणि चुलीपाशी जाऊन बसली.

मग ती सवयच झाली. पोर रात्री रडली की पहाटे पायरी ओली. ऐश्वर्याला टायफॉईड झाला तेव्हा तर ओघळ अंगणापर्यंत गेला होता. पोर मोठी झाली, शाळेत गेली, कॉलेजात गेली, ठिपके कमी होत गेले. ती लग्न होऊन गेली आणि पायरी कोरडी पडली. सुटलो एकदाचं, असं चतुराबाईला वाटलं. खिळ्यांवर हळदकुंकू वाहून तिनं हातही जोडले. शेवटी याच खिळ्यांनी तिचं घर राखलं होतं.

यंदा पहिलं बाळंतपण म्हणून ऐश्वर्या सातव्या महिन्यात माहेरी आली. दुसऱ्याच दिवशी पहाटे चतुराबाईनं दार उघडलं. पायरीवर मुंग्या होत्या.

गावातल्या उपकेंद्रात पुनम नावाची सिस्टर होती. जिभेला हाड नसलेली, पण मनानं चांगली. ती गरोदर बायांना आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या सासवा-आयांना गोळा करून बसवायची. म्हणायची, "लग्नात वांग्याची भाजी करायची का आलूची, यावर तुमी महिनाभर भांडता. बाळंतपणाचं काहून काहीच ठरवत न्हाई? गाडी कोणाची, रक्त कोण देणार, जवळ कोण थांबणार, आणि त्या बाईला स्वतःला काय पाहिजे? की तिनं निसतं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा?"

बाया हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाळंत व्हणारीला काय पुसायचं असते माय? ते काय तिच्या हातात हाय?"

"लेकरू कधी यायचं ते न्हाई तिच्या हातात," पुनम म्हणाली, "पण तिच्या अंगाला हात लावायच्या आधी तिला सांगायचं, येवढं तर आपल्या हातात हाय ना? आता सरकारी दवाखान्यात बी घरची एक बाई जवळ थांबू देतेत. पण त्या बाईनं मुक्यासारखं उभं न्हाई ऱ्हायचं. पोरीला कळा सुरू झाल्या की तिला बोलायचं सुचत न्हाई. तिचं बोलणं तुमी पाठ करून घ्या."

ऐश्वर्यानं ते मनावर घेतलं. तिनं तीन गोष्टी ठरवल्या. कळा चालू असताना चालू-फिरू द्यावं, बसू द्यावं, सारखं पाडून ठेवू नये. काहीही करायच्या आधी विचारावं. आणि बाळ झाल्याबरोबर आधी आपल्या अंगावर द्यावं. चतुराबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हरिपाठ अख्खा तोंडपाठ होता. हळदीचे कंद मोडता मोडता तिनं या तीन गोष्टी पुटपुटत पाठ केल्या. शेजारणींना वाटलं, बाईनं कुठलं व्रत धरलंय.

मग एक दिवस तिन्हीसांजेला, चतुराबाई दिवा लावत असताना ऐश्वर्या म्हणाली, "माय, अजून एक हाय. ते सिस्टरला न्हाई, तुलाच सांगायचं हाय. उंबऱ्यातले खिळे काढ."

चतुराबाईच्या हातातली काडी विझली. "काहून गं?"

"तिनं यावं असं वाटतं मला. बाळंतपणाला पोरीची आई जवळ पाहिजे ना?"

"मी हाय की," चतुराबाई म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"तू तर हाईसच माय. तू न्हाई म्हणून मी तिला बलावून राहिले का?"

"लेकरा, ती आई म्हणून यील का अळवंतीण म्हणून यील, कोणाला ठाव?"

"तू रोज तिला पहिला घास ठेवतीस," ऐश्वर्या म्हणाली. "तुला येवढं बी ठाव न्हाई?"

चतुराबाईनं दुसरी काडी ओढली. "काढीन," म्हणाली.

पण काढले नाहीत. आज अमावस्या, उद्या शनिवार, परवा हळद शिजवायला कढई लागणार. निमित्ताला काय तोटा? ग्यानोबाच्या कानावर घातलं तर तो जेवता जेवता उठून गेला. तो या उंबऱ्यावर कधी पाय देत नसे, ढांग टाकून आत येई, बाहेर जाई. इतक्या वर्षांत त्यानं साधनाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

खरं सांगायचं तर चतुराबाईला दोन भित्या होत्या. एक सगळ्यांना सांगता येण्यासारखी, की ती येईल आणि पोरीला नाहीतर लेकराला घेऊन जाईल. दुसरी मात्र आतल्या आत ठेवायची. ती आली, आणि काहीच वाईट न करता नुसती पोरीजवळ बसली, तर मग मी कोण? पोरीच्या दुखण्याखुपण्यात रात्री जागवल्या मी, कॉलेजला जाताना डबे बांधले मी, आणि ऐन वेळेला आई म्हणून हाक जाणार ती उंबऱ्याबाहेरच्या बाईला? तिला स्वतःचीच लाज वाटायची. लाज वाटली तरी हात खिळ्यांकडं जात नव्हता.

आणि एक दिवस सकाळी सकाळीच कळा सुरू झाल्या. ग्यानोबा शेतात कढईवर होता. ऐश्वर्या न्याहारीला बसली आणि उठली ती भिंत धरून. चतुराबाईनं शेजारणीला गाडीला आणि ग्यानोबाला फोन करायला लावला, पिशवी काढली, देवापुढं साखर ठेवली. ऐश्वर्या चालत दारापर्यंत आली आणि थांबली. खाली बघितलं. तिन्ही खिळ्यांचे माथे पायांनी घासून चकचकीत झालेले.

"काढले न्हाईस तू."

"ऐश्वर्या, आता ते ऱ्हाऊ दे बाई. गाडी येऊन राहिली. परत आल्यावर—"

"न्हाई." कळ आली तशी तिनं चौकट धरली, ती ओसरेपर्यंत डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, "मी ठरवलेलं पहिलंच असं घरातच मोडलं, माय, तर तिथं परक्याच्या दवाखान्यात माझं कोण ऐकणार हाय? तू ऐकलं न्हाईस तर कोण ऐकणार?"

चतुराबाई आत गेली आणि पक्कड नि सुरी घेऊन आली. उंबऱ्याशी उकिडवी बसली, लाकूड खिळ्याभोवती कोरून काढलं आणि माथा धरून ओढला. पहिला खिळा किरकिरत वर आला. दुसराही आला. टाक गळ्यातून पुढं लोंबून उंबऱ्यावर टकटक आपटत होता. कुणीतरी दार वाजवावं तसा. तिच्या पाठीला घाम फुटला. तिसरा खिळा काही केल्या हलेना.

"चतुरा!" ग्यानोबा अंगणात उभा होता, कोपरापर्यंत पिवळा. "येडी झालीस का? काय करून राहिलीस?"

तिनं मान वर केली नाही. "पोरीनं सांगितलंय," एवढंच म्हणाली आणि पुन्हा पक्कड लावली.

ग्यानोबा ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला नाही. अंगणातच मटकन बसला. पोरीकडं न बघता, जमिनीकडं बघत बोलायला लागला.

"ती बी म्हणत होती. मला बसू द्या म्हणत होती. माझी पाठ धरा कोणीतरी, पाठ फुटून राहिली, पाठ धरा. आत चौघीजणी होत्या. त्यायनी तिला आडवं दाबून धरलं होतं. पहिलटकरीण वरडतेच म्हणल्या. मी या भिंतीला टेकून उभा होतो. पुरुषानं आत जायचं नसते, म्हणून न्हाई गेलो. दिवसभर म्हणत होती ती, पाठ धरा. मंग म्हणायची थांबली." त्यानं पिवळ्या हातानं तोंड पुसलं. "आन मंग खिळे मला ठोकायला लावले. मीच ठोकले."

ऐश्वर्या रडत होती. कळेनं की कशानं, तिलाच ठाऊक. ग्यानोबा उठला, चतुराबाईच्या हातातून पक्कड घेतली, उंबऱ्यावर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी तिसरा खिळा उपटून काढला. नंतर कितीतरी वेळ तो त्या भोकाकडं बघत होता. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा भानावर आला.

दवाखाना तालुक्याच्या वाटेवरचा. तिथल्या मोठ्या सिस्टरच्या एकटीच्या वाट्याला त्या दिवशी तीन बाळंतपणं. त्यांचा आवाज चढलेला असला तर नवल काय? "झोप गं तिथं, पाय पसर," असं त्यांनी येताच फर्मावलं. चतुराबाईनं कसंबसं म्हटलं, "तिला चालायचंय जी थोडं. बसायचंय म्हणते."

"तुमी डॉक्टर हाव का?"

"न्हाई जी."

सिस्टरनं एकवार दोघींकडं बघितलं, पलीकडून दुसरी बाई ओरडली तशी त्या तिकडं गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "चालू द्या मग. पडली तर मला सांगू नका." घाईघाईत दिलेली का असेना, परवानगी ती परवानगी.

ऐश्वर्या चालली, बसली, पुन्हा चालली. ऊन खिडकीतून सरकत गेलं. मग चालणं सरलं. ती खाटेच्या कडेला बसली, समोर चतुराबाई उभी. ऐश्वर्यानं तिची दोन्ही मनगटं अशी पकडली, की नखं रुतली. कपाळ तिच्या छातीवर टेकलं, बरोबर टाकावर. प्रत्येक कळेला ती कण्हायची आणि मधेच पुटपुटायची, "तिथंच. हां, तिथंच. अजून दाबून धर." कळांत बाई काहीबाही बोलते, म्हणून चतुराबाई नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिली. खोली गरम होती, पण तिच्या समोर, पोरीच्या पाठीच्या बाजूनं, तिला सारखा गारवा लागत होता. तिथं भिंत होती, खिडकी नव्हती.

शेवटी शेवटी ऐश्वर्याला आडवं घेतलं. मनगटं तिनं तेव्हाही सोडली नाहीत. सिस्टर पोटाला यंत्र लावून ठोके ऐकत होत्या, त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी न बोलता ट्रेमधली कात्री उचलली.

चतुराबाईला तीन गोष्टींतली एकही आठवेना. तिला फक्त एक भिंत दिसत होती आणि भिंतीला टेकून उभा असलेला एक पुरुष, सगळं ऐकू येणारा, आत न जाणारा. दिवसभर म्हणत होती ती. मग म्हणायची थांबली.

"तिला विचारा आधी!"

एवढा मोठा आवाज त्या खोलीत कुणाचा आला, ते चतुराबाईला कळलं नाही. पलीकडची बाईसुद्धा गप्प झाली. सिस्टरचा हात थांबला. त्या चिडतील असं वाटलं, पण त्यांनी एक श्वास घेतला आणि ऐश्वर्याच्या तोंडाशी वाकल्या. "बाळाचे ठोके कमी झालेत गं. थोडा छेद द्यावा लागतो, म्हणजे लवकर बाहेर येईल. सुई देते आधी. देऊ का?"

ऐश्वर्यानं डोळे उघडले. "द्या," ती म्हणाली. "सांगत सांगत द्या."

सिस्टर सांगत गेल्या. आता सुई, आता छेद, आता जोर कर. पोरगी झाली. ओली, निळसर, मग एकदम लाल, घर डोक्यावर घेणारी. सिस्टरनं तिला पुसलं आणि कुणी काही म्हणायच्या आधी स्वतःच आईच्या छातीवर ठेवली.

संध्याकाळी वॉर्डात ऐश्वर्या उशीला टेकून बसली होती. दमलेली, पण तोंडावर एक नवाच रुबाब आलेला. म्हणाली, "माय, खरं सांगू? छेदाची तकलीफ काही वाटली न्हाई. मला विचारून दिला ना. आन तू पाठ काय धरली होतीस गं! खाटेवर बसल्यापासनं, एक मिनिट हात काढला न्हाईस. तुझा हात येवढा मऊ कधी झाला?"

चतुराबाईनं आपल्या हातांकडं बघितलं. हळदीनं चिरलेले, खरखरीत, पिवळे हात. मनगटांवर दोन्हीकडं नखांच्या चंद्रकोरी उमटलेल्या, काहींतून रक्त आलेलं.

व्हय म्हणायला काय जात होतं? एक शब्द. पोर आयुष्यभर म्हणाली असती, माझ्या मायनं पाठ धरली. जिच्यापायी वीस-बावीस वर्षं पायरी धुतली, तिच्याकडून एवढं घेतलं असतं तर कुणाला कळणार होतं? चतुराबाईला ते फार हवं होतं.

"न्हाई गं बाई," ती म्हणाली आणि दोन्ही मनगटं पुढं केली. "माझे दोनी हात तुझ्याच हातात होते."

ऐश्वर्या त्या खुणांकडं बघत राहिली. मग तिनं हात लांबवून चतुराबाईच्या गळ्यातला टाक मुठीत धरला, आणि दुसऱ्या हातानं चतुराबाईची मान जवळ ओढली.

घरी आल्या त्या दिवशी ग्यानोबा भाकरतुकडा घेऊन अंगणात उभा होता. त्यानं तो तिघींवरून ओवाळून टाकला. ऐश्वर्या लेकराला घेऊन उंबरा ओलांडून आत गेली. तिच्यामागं चतुराबाईनं पाय उचलला आणि परत ठेवला. उंबऱ्यात तीन काळी भोकं होती. ती दारातून बाजूला सरली, भिंतीला अंग लावून उभी राहिली आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"काहून थांबलीस?" ग्यानोबानं विचारलं.

"मोठीला आधी जाऊ द्या," ती म्हणाली.

ग्यानोबा दोन पावलं मागं सरला. दार काही वेळ मोकळंच राहिलं. मग चतुराबाई आत गेली.

पहाटे तिला ऐश्वर्यानं हलवून उठवलं. आवाजात काळजी होती. "माय, रातभर मेलीवाणी झोपले मी. हिला एकदा बी पाजलं न्हाई, आन ही रडली कशी न्हाई?"

चतुराबाई धडपडत उठली आणि लेकराच्या नाकापुढं बोट धरलं. श्वास चालला होता, संथ, ऊबदार. लेकरू पोट भरल्यागत झोपलं होतं. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब होता.

तिनं सवयीनं केरसुणी उचलली आणि दार उघडलं. पायरी कोरडी होती. ठिपके नव्हते. पण मुंग्यांची रांग होती. पायरीवरून वर, उंबऱ्याच्या मधल्या भोकाच्या कडेनं, आत घरात, जमिनीवरून सरळ बाजेपर्यंत आणि बाजेखाली. तिथं दोन ओले ठिपके होते. शेजारी शेजारी.

केरसुणी चतुराबाईच्या हातात होती. ती तशीच धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिनं केरसुणी कोपऱ्यात टेकवली, डब्यातून चिमूटभर साखर आणली आणि मुंग्यांच्या वाटेवर ठेवली.

"बस," ती हळूच म्हणाली. "मी चहा ठेवते."